‘बे’ म्हणजे भुंकणं की उपसागर?

मिरज_अनुवाद: दिवाळी अंकासाठी एका जुन्या इंग्रजी शिकारकथेचं भाषांतर चालू आहे. ‘बे’ हा शब्द चार ठिकाणी आलाय. कुत्री ‘बे’ करतात, हरिण ‘ॲट बे’ उभं राहतं, घोडा ‘बे’ आहे आणि घराला ‘बे विंडो’ आहे. कोशात पहिला अर्थ उपसागर. हे सगळं एकाच मुळातून आलंय का? आणि कुत्र्यांसाठी ‘केकाटणे’ चालेल का? अंक जत-आटपाडीपर्यंत जातो.

कृष्णाकाठ: ताई, मूळ एक नाही, नुसतं स्पेलिंग एक झालंय.

कुत्र्याचा ‘बे’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘अबाय्ये’वरून, म्हणजे भुंकणे. आजच्या फ्रेंचमध्येही भुंकण्याला ‘अब्वाये’च म्हणतात. मुळात हा आवाजाची नक्कल करणारा शब्द, आपल्या ‘भो भो’सारखा.

खिडकीचा ‘बे’ ‘आ वासणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून आला, म्हणजे भिंतीला पडलेलं तोंड. इमारतीच्या संदर्भात दोन खांबांमधली जागा असा अर्थ असेल तर आपला ‘खण’ अचूक बसतो. पाच खणांचं घर म्हणतो, तोच खण. ‘बे विंडो’ मात्र ‘भिंतीबाहेर काढलेली खिडकी’ असं उलगडूनच लिहा.

घोड्याचा ‘बे’ लॅटिन ‘बादियुस’वरून. अंग तांबूस तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. मराठीत त्याला कुमाईत म्हणतात. नुसतं ‘तपकिरी घोडा’ लिहिलं तर काळी आयाळ हरवते.

पुढे स्वयंपाकघर आलं तर ‘बे लीफ’ही भेटेल. तो लॅटिनमधल्या ‘बाका’चा, म्हणजे बोरासारख्या लहान फळाचा. ते पान लॉरेलचं, मधे एकच ठळक शीर. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरांचं. भाषांतरात तमालपत्र चालतं, पण झाड वेगळं आहे.

माणदेशी: ‘केकाटणे’ नको. दगड बसला की कुत्रं केकाटतं, त्यात वेदना आहे. ‘भुंकणे’ तुटक. ‘बे’ म्हणजे वासाचा माग लागल्यावर कळपाने काढलेला लांब, घोगरा, ओढलेला आवाज. शिकारी घोड्यावरून मागे येत असतात, झाडीत कळप दिसत नाही. कळप कुठे आहे, माग टिकलाय की तुटला, हे त्यांना या आवाजावरून कळतं.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. जतच्या वाचकासमोर शिकारी कुत्रं म्हटलं की लांब पायांचं, सडपातळ कारवानी उभं राहतं. ते नजरेवर धावतं, धावताना सहसा गप्प असतं. मग ही कुत्री पळता पळता ओरडतात कशाला, असं त्याला वाटणारच. म्हणून आधीच्या वाक्यात ‘जमिनीला नाक लावून’ एवढं घाला.

मिरज_अनुवाद: मग असं लिहू का, ‘जमिनीला नाक लावून चाललेल्या कुत्र्यांना माग लागला आणि सगळ्यांनी एकदम लांब सूर धरला’? आणि ‘ॲट बे’चं काय करू?

कृष्णाकाठ: वाक्य छान. ‘लांब सूर धरून भुंकू लागली’ केलंत तर गाण्याचा भास टळेल.

‘ॲट बे’मध्ये नीट बघा. दमलेलं हरिण खडकाला पाठ लावून वळतं, शिंगं रोखतं, कुत्री भोवती भुंकत राहतात पण पुढे जात नाहीत. हरणाच्या बाजूने ही कोंडी, कुत्र्यांच्या बाजूने अडवणूक. म्हणून ‘ब्रिंग टू बे’ म्हणजे कोंडीत धरणे आणि ‘कीप ॲट बे’ म्हणजे चार हात लांब रोखून धरणे. भुंकण्यासोबत ‘आ वासून ताटकळत राहणे’ या दुसऱ्या फ्रेंच प्रयोगाचीही त्यात सरमिसळ झाली, असं कोशकार मानतात. वाक्यात कर्ता कोण, ते बघून शब्द निवडा.

माणदेशी: गर्दीचा प्रसंग असेल तर ‘बेइंग फॉर ब्लड’ही येईल. तिथे कुत्री आणू नका. ‘जमाव त्याच्या जिवावर उठला होता’ पुरे.