घोळ, चिघळ की कुल्फा?

सेलूकर: आहारावरच्या एका पत्रकाचं भाषांतर करतोय. मुळात ‘पर्सलेन’ होतं, मी ‘ओमेगा-३ साठी आहारात घोळ असू द्या’ असं लिहिलं. मुंबईहून तपासणाऱ्यांचा शेरा आला, ‘वाचक शाकाहारी आहेत, मासा काढा.’ घोळ मासा त्यांच्या ताटातला, माझ्या डोळ्यांपुढे बांधावरची भाजी. ‘घोळाची भाजी’ केलं, तर लातूरची सहकारी म्हणते, आमच्याकडं ही चिघळ. काय ठेवू?

उदगीरची लेक: चिघळ निराळी, दादा. घोळीचं पान मोठं, गुबगुबीत, दांडा लालसर. चिघळीचं पान बारीक, वेल भुईला चिकटून. फूल दोन्हीला पिवळंच, म्हणून लोक एकच म्हणायलेत. माय खुरपायला गेली की दोन्ही पदराच्या ओट्यात घालून आणायची, पण घोळ तुरीच्या डाळीत शिजायची आणि चिघळीवर ज्वारीचं पीठ पेरायची.

बीडकर: ‘घोळीचं’? आमच्याकडं घोळाचं. तो घोळ.

नांदेडची शिक्षिका: भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ‘लोणी’ नावाच्या भाजीच्या मोठ्या जातीला ‘घोटिका’ म्हटलंय. ट चा ड, ड चा ळ, अशी घोळ झाली असावी. स्त्रीलिंगीच. चिघळ मात्र मी ‘चिघळणे’शी जोडते. पान चुरगाळलं की बोटाला बुळबुळीत ओल लागते.

बीडकर: बाई, चिघळते ती जखम. खायच्या भाजीला असलं नाव कोण देईल?

औरंगाबादी: आमच्या घरी कुल्फा. गोश्तात घालतात. फारसी खुर्फाचा कुल्फा झाला. पत्रकात कंसात तरी द्या.

बीडकर: मराठी पत्रकात फारसी कशाला?

औरंगाबादी: ‘जमीन’ आणि ‘हंगाम’ कुठून आले? 1948 पर्यंत इथं निजामाची राजवट होती, कचेरीचा कागद उर्दूत निघायचा. माझ्या आजीनं उभ्या जन्मात दुसरा शब्द वापरला नाही. तिची मराठी कमी कशी ठरते?

सेलूकर: भांडू नका. आणखी एक अडलंय. ‘फॅटी ऍसिड’ला मी ‘मेदाम्ल’ लिहिलंय.

उदगीरची लेक: माझ्या मायला मेदाम्ल कळायचं नाही. ‘चांगली चरबी’ लिहा.

नांदेडची शिक्षिका: शब्द वापरला तरच रुळेल. मेदाम्लच ठेवा.

परभणीची आहारतज्ज्ञ: शब्दाआधी मजकूर नीट करा. ताज्या घोळीत 100 ग्रॅममागे साधारण 300 ते 400 मिलिग्रॅम ओमेगा-३ असतं. पालेभाजीच्या मानानं ते खूप आहे. पण ते जवसातल्या जातीचं. माशातल्या जातीत शरीर त्याचा थोडाच भाग बदलतं, तेव्हा ‘माशाच्या तोडीचं’ लिहू नका. आणि हिच्यात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा व्हायला कारण ठरणारा क्षार, भरपूर. मुतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. उकळून पाणी टाकलं की ते कमी होतं. दही-ताक घातलं तर त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवतं. पत्रकात ‘किडनी स्टोन’ नको, ‘मुतखडा’ लिहा, खेड्यात तोच शब्द कळतो.

बीडकर: म्हणजे ताकातली पातळ भाजी करणाऱ्या बायका बरोबरच होत्या. पण ‘तण’ कुठं लिहिलं असेल तर काढा. रानभाजी म्हणा.

उदगीरची लेक: कापसात उगवली की तणच, दादा. खुरपणाऱ्या बाईला विचारा. ताटात आली की भाजी. आणि एक लिहाच: दांडा मोडून पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हं, दुधी नावाचं तण हाय. पोराबाळांच्या हातून तीच येते.

बीडकर: तो घोळ!