विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोची) मुलाखत – मदत हवी आहे

मृदुला_एस
नमस्कार. पुण्यातल्या एका विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्रकल्पातल्या जेआरएफच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. प्रकल्प नदीच्या पाण्यातल्या प्रतिजैविक-प्रतिरोधक जनुकांवर आहे. माझी एमएस्सी झाली आहे आणि नेट लेक्चरशिप (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतली फक्त अध्यापनाची पात्रता) आहे. प्रबंधात मातीतले अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) तयार करणारे जिवाणू वेगळे करून १६एस (जिवाणू ओळखायला वापरतात ते जनुक) सिक्वेन्सवरून ओळखले होते. आता थिअरी पुन्हा वाचू की संशोधनाचे पेपर? क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरचा, प्रमाण मोजणारा प्रकार) हाताने केलेलं नाही, ते सांगू का? आणि पगार, पीएचडी यांबद्दल विचारलेलं चालतं का?

अगरप्लेट
आधी स्वतःचा प्रबंध. पॅनेल तिथूनच सुरुवात करतं आणि बहुतेक जण तिथेच अडकतात, कारण काय केलं ते सांगता येतं, का केलं ते सांगता येत नाही. २७एफ आणि १४९२आर हेच प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे) का, हे आकडे कशाचे (ई. कोलायच्या १६एसमधल्या जागा), जेलवर (डीएनए लांबीनुसार वेगळा करतात तिथे) बँड साधारण १५०० बेसचा का येतो, हे पाठ नको, समजलेलं हवं. सँगरचं (सिक्वेन्स वाचण्याच्या पद्धतीचं) एक वाचन ७००-९०० बेसपर्यंतच विश्वासार्ह असतं, म्हणून दोन्ही बाजूंनी वाचावं लागतं. तुमचं एकाच बाजूचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. ‘ब्लास्टमध्ये ९९ टक्के जुळलं म्हणून प्रजाती ठरली’ (ब्लास्ट म्हणजे सिक्वेन्स जुळवून पाहणारा प्रोग्रॅम) एवढंच म्हणालात तर पुढचा प्रश्न ठरलेला: बॅसिलसच्या जवळच्या प्रजाती १६एसवरून वेगळ्या ओळखता येतात का? बऱ्याचदा येत नाहीत.

कंट्रोलबद्दल (तुलनेसाठी ठेवलेल्या ट्यूबबद्दल) नक्की विचारतील. डीएनए न घातलेल्या पीसीआर ट्यूबमध्ये बँड आला तर काय? १६एसच्या बाबतीत हे वारंवार होतं, कारण टॅक (पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती बनवणारं) एन्झाइम जिवाणूंतच तयार करतात आणि त्यात त्यांच्या डीएनएचा अंश राहू शकतो. पाणी, प्रायमर, एन्झाइम एकेक करून नवे वापरून पाहायचे, तोवर त्या बॅचचा निकाल धरायचा नाही.

पिपेट२००
गणितं कागदावर सोडवून जा. फळ्यासमोर उभं करून विचारतात आणि चांगले गुण असलेलेही एककांत घोटाळा करतात. अँपिसिलिनचा स्टॉक १०० मिग्रॅ/मिली, २५० मिली माध्यमात १०० मायक्रोग्रॅम/मिली हवं: २५० मायक्रोलिटर. १ मोलर ट्रिस, ५०० मिली: रेणुभार १२१.१४, म्हणून ६०.५७ ग्रॅम, पाणी थोडं कमी घालून आधी पीएच जुळवायचा, मग ५०० पर्यंत भरायचं. १०⁻⁵ विरलनातले ०.१ मिली पसरून ८४ वसाहती आल्या: ८.४ × १०⁷ सीएफयू (वसाहत बनवू शकणारे जिवाणू)/मिली. इथे ०.१ मिली विसरलं की उत्तर दहापट चुकतं.

नदीकाठ
प्रकल्पाबद्दल. पर्यावरणातल्या नमुन्याच्या डीएनएसोबत ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पालापाचोळ्यातली) येतात आणि ती पीसीआर अडवतात. २६०/२३० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशाच्या शोषणाचं) २ च्या बरंच खाली असेल तर शंका घ्यावी. उपाय सोपा आहे: तोच डीएनए दहापट विरल करून पुन्हा चालवा. सीटी (क्यूपीसीआरमध्ये संकेत दिसू लागतो ते चक्र) सुमारे ३.३ ने वाढायला हवा. तेवढा वाढला नाही, किंवा उलट कमी झाला, तर अडथळा आहे. हे एवढं नीट सांगणारा उमेदवार पॅनेलच्या लक्षात राहतो.

दुसरा मुद्दा: प्रतिरोधक जनुकांची संख्या १६एसच्या तुलनेत देतात, पण १६एसच्या प्रती प्रत्येक जिवाणूत वेगवेगळ्या असतात; ई. कोलायमध्ये ७. म्हणून ती संख्या म्हणजे थेट पेशींची संख्या नव्हे.

डिस्क डिफ्यूजनही (प्रतिजैविकाची चकती ठेवून जिवाणूंची वाढ थांबते का ते पाहण्याची चाचणी) वाचा. म्यूलर-हिंटन अगर ४ मिमी जाड, जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप). अगर जाड झालं किंवा जिवाणू जास्त पडले तर झोन (चकतीभोवतीची जिवाणू न वाढलेली जागा) लहान येतो आणि संवेदनशील जिवाणू प्रतिरोधक ठरतो. थिअरीचं जाडजूड पुस्तक या आठवड्यात उघडूच नका.

क्यूपीसीआर केलं नाही हे सुरुवातीलाच सांगा. बायोडेटात ‘येतं’ लिहिलं असेल तर आजच काढा. मेल्ट कर्व्हमध्ये (क्यूपीसीआरनंतर तापवताना डीएनएचे धागे सुटतात त्याच्या आलेखात) दोन शिखरं का येतात असं विचारलं की खरं काय ते कळतंच.

मृदुला_एस
खूप आभार, बायोडेटात तसं लिहिलं होतं, काढलं. पीएचडीचं कसं विचारू?

अगरप्लेट
शेवटी ‘काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा. प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, निधी कोणत्या संस्थेचा, पीएचडी नोंदणीला परवानगी आहे का, मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का. प्रकल्पातली नेमणूक म्हणजे पीएचडी प्रवेश नव्हे, त्याची प्रक्रिया वेगळी असते आणि नेमणूक प्रकल्पाबरोबर संपते. दोन वर्षांपैकी आठच महिने उरले असतील तर तिथे पीएचडीचा हिशोब जुळवणं अवघड, हे आधी कळलेलं बरं. रकमेबद्दल जाहिरात पाहा: डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या) २०२३च्या सुधारित दराने जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडं भत्ता, आणि त्यासाठी नेट लेक्चरशिपही चालते. जाहिरातीत याहून कमी लिहिलं असेल तर शांतपणे विचारा, त्यात गैर काही नाही.

पिपेट२००
मूळ गुणपत्रिका, नेटचं प्रमाणपत्र, सगळ्याच्या स्वसाक्षांकित प्रतींचा एक संच आणि प्रबंधाची बांधीव प्रत न्या. त्यातल्या जेलच्या फोटोंच्या पानांवर खुणा लावून ठेवा, पॅनेल तीच पानं उघडतं. प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी मिळत नाही.