बीटा पेशीला साखर ‘कळते’ कशी?
बीटा पेशी म्हणजे स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी पेशी. ‘तिच्या पृष्ठभागावर ग्लुकोज ओळखणारा रिसेप्टर असतो, तो जागा झाला की इन्सुलिन तयार होतं’ असं एक म्हणणं आहे. दोन्ही अर्ध्यांशी असहमत. या पेशीला साखर कळते ती मुख्यतः ती जाळूनच. ग्लुकोज आत येतं, ग्लुकोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला कामाला लावतं, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) वाढतं आणि त्यामुळे पोटॅशियमची वाहिनी बंद होते. मग पेशीपटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) बाहेर रित्या होतात. पहिल्या काही मिनिटांत रक्तात येणारं हे इन्सुलिन ताजं नसतं, जस्ताच्या अणूंभोवती सहा-सहाच्या गटांत आधीच बांधून ठेवलेला साठा असतो तो. नवं उत्पादनही ग्लुकोजमुळेच वाढतं, पण ते मागाहून साठा भरून काढतं.

ती पोटॅशियमची वाहिनी किती मोक्याची आहे याचं एक उदाहरण इथे यायलाच हवं. काही बाळांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यातल्या बऱ्याच जणांत या वाहिनीच्या जनुकात बिघाड असतो, हे 2004 मध्ये समजलं. वाहिनी उघडीच राहते, म्हणून इन्सुलिन असूनही बाहेर पडत नाही. सल्फोनिलयुरिया या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या नेमकी हीच वाहिनी बंद करतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 49 पैकी 44 रुग्णांची इन्सुलिनची इंजेक्शनं या गोळ्यांवर सुटली. रोज टोचून घेणाऱ्या लेकराच्या हातात गोळी आली! इतक्या लहान वयात मधुमेह निघाला असेल तर ‘टाइप 1च (ज्यात बीटा पेशीच नष्ट होतात तो) असणार’ असं गृहीत न धरता जनुकीय तपासणी जरूर करून घ्या.