मदत हवी आहे: रायटच्या एमएमओसाठी थांबावे, की गिल्ड आत्ताच दुसऱ्या खेळात न्यावी?

रातकिडा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

'लीग ऑफ लेजंड्स'च्या रुनटेरा या विश्वावर रायट गेम्स जो असंख्य खेळाडूंनी एकत्र खेळायचा ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळ (एमएमओ) तयार करत आहे, त्याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. तो कधी येणार हे मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर बहुधा खुद्द रायटकडेही नसावे. आमच्या आठ जणांच्या गिल्डने (म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटाने) त्याच्या भरवशावर थांबावे का, आणि थांबायचे नसेल तर मधल्या काळात कोणता खेळ धरावा, एवढाच प्रश्न आहे.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण सल्ला तिच्यावरच अवलंबून राहील. आम्ही चौघे पुणे आणि नागपूर येथे असतो, दोघे म्युनिकला आणि दोघे न्यू जर्सीत. शनिवारी आणि रविवारी आपल्याकडे रात्री साडेनऊ वाजतात तेव्हा म्युनिकमध्ये संध्याकाळचे पाच किंवा सहा, तर न्यू जर्सीत सकाळचे अकरा किंवा दुपारचे बारा झालेले असतात. सगळ्यांना जमते ती हीच वेळ. सध्या खेळतो त्या खेळात नवे काही येणे थांबले आहे, आणि पुढच्या खेळात निदान काही वर्षे तरी मुक्काम व्हावा अशी सर्वांची इच्छा आहे.

रुनटेराचे आकर्षण कशामुळे आहे हे येथे वेगळे सांगायला नको. 'लीग' २००९ साली आला, तेव्हापासून डेमासिया, नॉक्सस, आयोनिया, फ्रेलयोर्ड या प्रदेशांची नावे आम्ही केवळ पात्रांच्या ओळखीत वाचत आलो आहोत. खेळाचा नकाशा मात्र तोच एक, तीन वाटांचा. याच विश्वावरील 'आर्केन' या ॲनिमेशन मालिकेचे दोन भाग २०२१ आणि २०२४ साली आले, त्यानंतर तर कधीही माउस हातात न धरलेली माझी बायकोसुद्धा पिल्टओव्हर आणि झॉन या शहरांमधील वैराविषयी माझ्याशी वाद घालते. पिल्टओव्हरहून पूल ओलांडून खाली झॉनच्या धुरात स्वतःच्या पायांनी उतरता यावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आता शंका. रायटचे तेव्हाचे अधिकारी ग्रेग स्ट्रीट यांनी डिसेंबर २०२० मध्ये या खेळाची वाच्यता केली आणि मार्च २०२३ मध्ये ते रायट सोडून गेले. जुलै २०२४ मध्ये सहसंस्थापक मार्क मेरिल यांनी जाहीर केले की आधीचा आराखडा आजच्या खेळांहून पुरेसा वेगळा वाटत नसल्यामुळे काम नव्याने सुरू केले आहे, फॅब्रिस काँडोमिनास आता त्याचे नेतृत्व करतील आणि यापुढे बराच काळ, कदाचित काही वर्षे, कंपनी याविषयी बोलणार नाही. मला यात प्रामाणिकपणाही दिसतो आणि भीतीही वाटते. त्यात जून २०२५ मध्ये रायटच्याच मालकीच्या स्टुडिओतील 'हायटेल' हा खेळ अनेक वर्षांच्या कामानंतर रद्द झाला (पुढे मूळ संस्थापकाने तो परत विकत घेतला, हा भाग वेगळा).

मात्र सर्वांत मोठी अडचण सर्व्हरची आहे. 'व्हॅलोरंट' या आपल्या नेमबाजीच्या खेळासाठी रायटने मुंबईत सर्व्हर ठेवले असल्यामुळे या खेळालाही मुंबई मिळेल, अशी आशा आमच्यातील भारतातील चौघांना आहे. परंतु 'व्हॅलोरंट'मध्ये ज्या देशाचे खाते त्याच विभागात खेळावे लागते, आणि तोच नियम येथे लागू झाला तर मुंबईचा सर्व्हर मिळूनही गिल्डचे तीन तुकडे होतील. ज्यासाठी नवस बोलायचा तेच मिळाल्यावर घर मोडायचे, असा हा पेच आहे. कोणी याचा विचार केला असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

तारयंत्र:

पेच खरा आहे, पण थोडी आकडेमोड केल्यास त्याची धार कमी होईल.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. युरोपातील सर्व्हर फ्रँकफर्टला आहे असे धरू. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १३,००० किलोमीटर. त्यामुळे ६५ मिलिसेकंदांच्या खाली पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ) जाणे निसर्गनियमानेच शक्य नाही. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही. ती वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरते, अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र पार करून इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रात पोहोचते आणि तेथून पुढे युरोपात. म्हणून चांगल्या दिवशीही १३० च्या आसपास किंवा त्याहून अधिक पिंग गृहीत धरावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांना त्याची झळ बसली होती. न्यू जर्सीहून फ्रँकफर्टचे अंतर मुंबईइतकेच भरते, पण अटलांटिकखालच्या केबल बऱ्याच सरळ असल्याने तुमच्या तिकडच्या मित्रांना १०० च्या आत-बाहेर पिंग मिळेल. म्हणजे तुमच्या गिल्डसाठी युरोप हाच मध्य आहे, मुंबई नव्हे.

एवढ्या पिंगवर कोणता खेळ चालतो, हे त्या खेळाचे घड्याळ कसे आहे यावर ठरते. 'ईव्ह ऑनलाइन' २००३ पासून जवळजवळ सगळ्या जगाला एकाच सर्व्हरवर खेळवत आहे, आणि त्याचे अंतराळ सेकंदाला एकदाच हिशेब करते. तेथे १५० मिलिसेकंद कोणाच्या लक्षातही येत नाहीत. याउलट रायटची माणसे ज्या तालमीत घडली आहेत, त्या 'लीग'मध्ये आणि 'व्हॅलोरंट'मध्ये सगळी कसोटी क्षणार्धाच्या प्रतिक्रियेची असते. नव्या एमएमओची लढाई तशीच चपळ ठेवली, तर लांबच्या सर्व्हरवरून टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा खेळाडू) होणे दुष्कर ठरेल. त्यामुळे खेळाची पहिली चित्रफीत येईल तेव्हा शहरांच्या देखाव्याऐवजी एकाच गोष्टीकडे पाहा: शत्रूचा वार होण्याआधी जमिनीवर खूण उमटते का, आणि उमटत असल्यास ती किती वेळ टिकते. त्यावरून तुमच्या पुणे-नागपूरकरांचे भवितव्य कळेल.

गावकुसाबाहेर:

नव्याने सुरुवात झाली म्हणजे खेळ बुडाला, हे मला पटत नाही. 'फायनल फँटसी १४' सप्टेंबर २०१० मध्ये आला तेव्हा तो इतका फसला होता की नाओकी योशिदा या नव्या दिग्दर्शकाकडे सूत्रे देऊन तो मुळापासून पुन्हा बांधावा लागला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद झाले, ऑगस्ट २०१३ मध्ये नवा खेळ आला आणि तो आजही चालू आहे. आता दुसरी बाजूही पाहा. ब्लिझर्डने 'टायटन' हा एमएमओ सात वर्षे घडवून २०१४ साली रद्द केला. 'न्यू वर्ल्ड' सप्टेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी नऊ लाखांवर खेळाडू होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने त्यात नवे काही आणणे थांबवत असल्याचे सांगितले. तेव्हा खेळाडूंची संख्या किंवा कंपनीची श्रीमंती पाहून काही ठरवू नये. रायटमागे टेन्सेंट ही चिनी मालक कंपनी आहे म्हणून पैसा कमी पडणार नाही, असे येथे नेहमी लिहिले जाते. पण पैसा असलेल्या कंपन्यांनाच एखादा खेळ मध्येच सोडून देणे परवडते.

माझ्या मते थांबू नये. आठ जण असाल तर 'फायनल फँटसी १४' तुमच्यासाठीच बेतल्यासारखा आहे, कारण त्याची पूर्ण तुकडी आठ जणांची असते: दोन टँक, दोन हीलर (जखमा भरणारे) आणि चार मारा करणारे. बाहेरून माणसे उसनी आणावी लागणार नाहीत.

रातकिडा:

आठच्या तुकडीची गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. तारयंत्र यांना एक उपप्रश्न: या खेळात १५० च्या पिंगचा त्रास नेमका कोठे होतो? आमच्यातील एकाला पिंगचा आकडा दिसला की खेळ सुरू होण्याआधीच घाम फुटतो.

तारयंत्र:

तेथे मुख्य कृती दर अडीच सेकंदांनी करता येते, आणि दोन मुख्य कृतींच्या मध्ये एक किंवा दोन झटपट कृती घुसवायच्या असतात. प्रत्येक झटपट कृतीनंतर तुमचे पात्र काही क्षण अडकून राहते, आणि सर्व्हरचा होकार येण्यास उशीर झाला की ते अडकणे तेवढेच लांबते. त्यामुळे जास्त पिंगवर एक झटपट कृती निभावते. दुसरी घुसवायला गेलात की पुढची मुख्य कृती उशिरा पडते, म्हणजे मारा थोडा कमी होतो. अगदी वरच्या पातळीच्या रेडमध्ये (पूर्ण तुकडीच्या अवघड लढायांत) हे जाणवेल, कथा आणि साधी डंजन (लहान मोहिमा) खेळताना जवळजवळ नाही. घाम फुटणाऱ्या मित्राला हीलर करा. हीलरच्या कृती बऱ्याचदा मंत्र म्हणत, सावकाश होतात.

हिशेबनीस:

पैशांचे कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. रायटचे आजवरचे मोठे खेळ फुकट असून कमाई स्किनवर (पात्रांच्या शोभेच्या पेहरावांवर) आहे. एमएमओचे काय करणार हे जाहीर नाही, आणि माझ्या दृष्टीने खरी धास्ती तीच आहे. 'फायनल फँटसी १४' मासिक वर्गणीवर चालतो. फुकट चाचणीत मात्र ७० व्या पातळीपर्यंत, दोन विस्तारांसह (मूळ खेळाला नंतर जोडलेल्या भागांसह), वेळेचे बंधन न ठेवता खेळता येते. आधी तेच वापरा, पण त्याच्या अटी नीट वाचा: चाचणीवरचा खेळाडू तेथील गिल्डमध्ये येऊ शकत नाही, बाजारात खरेदी-विक्री करू शकत नाही आणि स्वतः तुकडी तयार करू शकत नाही, फक्त दुसऱ्याने बोलावल्यास सामील होऊ शकतो. एकदा पूर्ण खेळ विकत घेतला की त्या खात्यावर चाचणीकडे परतता येत नाही. स्टीमवर घेतलात तर पुढचे विस्तारही स्टीमवरच घ्यावे लागतात, म्हणून घाईने सवलतीला भुलू नका. भारतातील कार्डावरून दरमहा आपोआप रक्कम वळती करण्यावर रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम लागू आहेत आणि परदेशी वर्गणी कधीकधी त्यांत अडकते, तेव्हा दोन-तीन महिन्यांची रक्कम एकदम भरण्याची सोय असल्यास ती बरी.

पेंग्विनप्रेमी:

तुमच्यापैकी कोणी लिनक्सवर खेळत असेल तर रायटचा विषय तेथेच संपतो, असे मी समजतो. मे २०२४ मध्ये 'लीग'ला व्हँगार्ड ही फसवणूकविरोधी यंत्रणा लागली आणि तेव्हापासून तो लिनक्सवर चालत नाही. एमएमओला ती लागणार नाही असे मानण्यास मला तरी काही आधार दिसत नाही.

रातकिडा:

सर्वांचे आभार. नागपूरचा आमचा टँक लिनक्सवाला आहे आणि त्याने पेंग्विनप्रेमींचा प्रतिसाद वाचून रायटवरचा हक्क तूर्त सोडला आहे.

गिल्डशी बोललो. सर्वांनी युरोपच्या सर्व्हरवर पात्रे काढायची, सात जणांनी चाचणीवर राहायचे आणि तुकडी तयार करता यावी म्हणून म्युनिकच्या एकाने पूर्ण खेळ घ्यायचा, असे ठरत आहे. तो स्टीमवरून घेणार नाही. रायटने विभागांविषयी धोरण जाहीर केले की याच धाग्यावर पुन्हा विचारीन. खाते एका देशाचे असताना दुसऱ्या विभागात पात्र काढू देतात की नाही, हे एक वाक्य कळले तरी आमचा निर्णय होईल.

आता एवढेच सांगावे: चाचणीवरच्या सात जणांना गिल्ड काढता येणार नाही, तर तोवर एकमेकांशी बोलण्यासाठी खेळातलीच काही सोय आहे का, की डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच भागवावे?

हिशेबनीस:

डिस्कॉर्डवरच भागवा. चाचणीवर खाजगी निरोपही पाठवता येत नाहीत. तुकडीत असताना मात्र तुकडीपुरते बोलता येते.