गेम नेटवर कुठे जातोय? फायरवॉलच्या सूचनांचे तुमचे अनुभव लिहा

पणजीहून सुरुवात करतो

चवथीला घरात पोरं जमली की दोन-तीन लॅपटॉप एकाच वायफायवर येतात आणि गेम सुरू व्हायच्या ऐन वेळेला फायरवॉलची, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या पहारेकऱ्याची, ती खिडकी उघडते, ह्या प्रोग्रामला नेटवर्क वापरायला द्यायचं का म्हणून. पोरं ओरडतात, काका इकडे काय दाबू? मोठी माणसं गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधण्यात गुंतलेली, तिथूनच उत्तर जातं, दाब काय ते आणि खेळ. मला ह्याची खरंच काळजी वाटते. कॉम्प्युटर एकदाच विचारतो, मग जे दाबलं ते नियम म्हणून लिहून ठेवतो आणि वर्षानुवर्षं तसंच चालवतो.

तर तुमच्याकडे अशी सूचना कधी आली, कुठल्या गेमला आली, त्यात नेमकं काय लिहिलेलं आणि पुढे शोधल्यावर काय निघालं ते सविस्तर लिहा. घाबरून गेमच काढून टाकला असेल तर तेही लिहा. वर आपल्या गावाचं नाव टाका.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे गोंधळ कमी होईल. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला अडवत नाही, न विचारता आत येऊ पाहणाऱ्याला अडवतो. घरातला माणूस बाजारात जाऊन सामान घेऊन परत आला तर त्याला दारात कोण विचारत नाही, पण अनोळखी माणूस सरळ आत शिरायला लागला तर विचारतात, तसंच हे. म्हणजे विंडोजची ती खिडकी आली तर समजायचं की गेम बाहेरून येणाऱ्यांची वाट बघत बसायची परवानगी मागतोय. झोनअलार्म, कोमोडो असले वेगळे फायरवॉल मात्र बाहेर जाणाऱ्यालाही विचारतात. म्हणून नुसतं सूचना आली असं लिहू नका, कुणाची आली ते लिहा.

साखळी

आमच्याकडे माइनक्राफ्ट, जावा एडिशन. मुलीने आपलं वर्ल्ड लॅनवर, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवर, उघडलं, मामेभाऊ शेजारच्या खोलीत दुसऱ्या लॅपटॉपवर बसलेला. लगेच विंडोजची खिडकी आली आणि त्यात नाव काय, तर ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी. गेमचं नाव कुठेच नाही. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की हा व्हायरसच, आम्ही माइनक्राफ्ट चालवलाय आणि मागतोय कोण दुसराच. भीती वाटणं बरोबरच आहे, नावच ओळखीचं नाही तर माणूस काय करणार. पण खिडकीत खाली फाइलचा पूर्ण रस्ता दिलेला असतो तो मी वाचला, तो माइनक्राफ्टच्याच फोल्डरमधल्या रनटाइममध्ये जात होता, शेवटी जावाडब्ल्यू नावाची फाइल. गेम जावात लिहिलेला, तो जावाच्या जोरावर चालतो, म्हणून फायरवॉलला जावाच दिसतो, गेम दिसत नाही.

खाली दोन चौकोन असतात, प्रायव्हेट म्हणजे घरचं विश्वासाचं नेटवर्क आणि पब्लिक म्हणजे बाहेरचं. प्रायव्हेटला टिक केलं, पब्लिक रिकामा सोडला, कारण हाच लॅपटॉप ट्यूशनला पण जातो आणि तिथलं वायफाय कोण कोण वापरतं देव जाणे. मामेभावाला यादीत तिचं वर्ल्ड लगेच दिसलं.

आता माझा प्रश्न. कुडाळला मावशीची मुलं आहेत, त्यांनाही ह्याच वर्ल्डमध्ये यायचंय. एका व्हिडिओत बघून राउटरमध्ये २५५६५ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला तरी त्यांना येता येत नाही. एकाने सांगितलं फायरवॉल पूर्ण बंद करून बघा. ते मी करणार नाही. दुसरं काय असू शकतं?

मडगाव

मी जुन्या काळातलं सांगतो. २००३ मध्ये आम्ही स्टेशनच्या बाजूला एका कॅफेत काउंटर-स्ट्राइक आणि एज ऑफ एम्पायर्स खेळायला जायचो, आणि तेव्हा गेमचा नियमच असा होता की खेळण्याआधी फायरवॉल बंद, कारण लॅनवर दुसऱ्याचं मशीन दिसायचं नाही आणि वेळेचे पैसे चालू. एक्सपीमध्ये फायरवॉल होता पण सुरू करून दिलेला नसायचा, कुणाला तो आहे हेच माहीत नव्हतं. मग त्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस, आला. काही डाउनलोड करायला नको, काही उघडायला नको, नुसतं नेटला जोडलेलं मशीन पुरे, १३५ नंबरच्या पोर्टमधून आत. पडद्यावर साठ सेकंदांचं उलटं मोजमाप सुरू आणि मशीन बंद. कॅफेतली सगळी मशीनं एका पाठोपाठ तशी पडताना मी बघितलीत, मालक बिचारा रडकुंडीला आलेला.

पुढच्या वर्षी, २००४ च्या ऑगस्टमध्ये, एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि त्याने फायरवॉल आपोआप सुरू करून टाकला. आज जी खिडकी पोरांना त्रासदायक वाटते ती घराघरात तेव्हापासून यायला लागली. मी घरी झोनअलार्म टाकलेला, तो एकाच गेमला दोनदा विचारायचा, एकदा नेटवर जाऊ दे का आणि एकदा सर्व्हर म्हणून बसू दे का. गेमला पॅच टाकला की प्रोग्राम बदललाय म्हणून परत विचारायचा. लोक कंटाळायचे. मला तो विचारणारा आवडायचा, कारण कोणता प्रोग्राम कधी बाहेर जातो हे त्यामुळे मला कळायला लागलं.

काणकोण

आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या आणि घरच्या मशीनचं वायफाय एकच होतं. मुलाच्या गेमला विचारलं तेव्हा विंडोजमध्ये आमचं घरचं वायफाय प्रायव्हेट म्हणून नोंदलेलं दिसलं, पण त्यावर रोज नवीन माणसं येतात मग ते प्रायव्हेट कसलं? ते पब्लिक केलं आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढलं. ज्यांच्याकडे खोल्या भाड्याने आहेत त्यांनी हे जरूर करा.

फोंडा

फर्मागुडीला हॉस्टेलवर असतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार वेगळाच आहे, पोरं घाईत कॅन्सल दाबतात. गेम तरीही चालतो, ऑनलाइन मॅच पण मिळते, कारण गेमने स्वतः बाहेर जाऊन सर्व्हरशी बोलणं सुरू केलं की त्याचं उत्तर आत यायला अडचण नसते. म्हणून सगळ्यांना वाटतं कॅन्सलने काही झालं नाही. महिन्याभराने कोणीतरी स्वतः होस्ट करायला, म्हणजे आपल्या मशीनवर बाकीच्यांना खेळायला घ्यायला, जातो आणि बाकीच्यांना तो दिसतच नाही. मग शिव्या वायफायला.

होतं असं की कॅन्सलवर विंडोज त्या प्रोग्रामसाठी अडवायचे दोन नियम बनवतो, एक टीसीपीचा एक यूडीपीचा, ह्या नेटवर बोलायच्या दोन पद्धती, आणि परत कधी विचारत नाही. नंतर तुम्ही परवानगीचा नवीन नियम केला तरी उपयोग नाही, अडवायचा नियम असेल तर तोच जिंकतो. रनमध्ये डब्ल्यूएफ डॉट एमएससी टाका, इनबाउंड रूल्स, म्हणजे आत येणाऱ्यांचे नियम, उघडा, गेमच्या नावापुढे लाल खूण असेल ती ओळ डिलीट करा, गेम परत चालू करा, खिडकी परत येईल. आता वाचून उत्तर द्या. फायरवॉल बंद करायची गरज कधीच पडली नाही.

म्हापसा

दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे माझ्याकडे शेवटच्या टप्प्यातली मशीनं येतात. पंखा विमानासारखा घोंगावतोय, गेम अडकतोय, मशीन तापलंय. विचारलं की गेम कुठला, तर फुकटात कुठूनतरी उतरवलेला क्रॅक केलेला, म्हणजे विकतचं कुलूप तोडलेला, आणि त्याच्यासोबत एक टेक्स्ट फाइल, तिच्यात पहिलीच सूचना, आधी अँटीव्हायरस बंद करा. पोरं ती इमानेइतबारे पाळतात कारण त्यांना सांगितलेलं असतं की हे खोटे इशारे आहेत. काही वेळा खोटे असतातही, क्रॅकची फाइल गेममध्ये फेरफार करते म्हणून अँटीव्हायरस तिला पकडतो. पण त्याच सबबीआड खरं विष आत येतं, आणि ओळखायचं कसं ते त्या पोराला कळायला मार्गच राहत नाही, कारण ओळखणारा तर बंद करून ठेवलाय.

२०२१ च्या जूनमध्ये अवास्टने क्रॅकोनॉश नावाच्या मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रामची, माहिती बाहेर काढली, ते असल्याच क्रॅक केलेल्या गेममधून पसरत होतं, मशीन सेफ मोडमध्ये चालू करून अँटीव्हायरस काढून टाकायचं आणि मग मागे बसून मोनेरो ह्या डिजिटल चलनाची नाणी काढत राहायचं. जगात २,२२,००० च्या वर मशीनं सापडलेली, आणि कमाई किमान २० लाख डॉलर. वीजबिल त्या घरचं, नाणी तिसऱ्याची.

मी काय बघतो ते सांगतो. खिडकीत नाव गेमचंच दिसतं, नाव काय कोणीही ठेवू शकतो. रस्ता बघायचा. गेम स्टीमच्या फोल्डरमध्ये आणि परवानगी मागणारी फाइल विंडोजच्या टेम्पमध्ये किंवा ॲपडेटाच्या कुठल्यातरी अगम्य नावाच्या फोल्डरमध्ये, मग थांबायचं. विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कच्या टॅबवर बघायचं, गेम पूर्ण बंद केल्यावरही ती फाइल बाहेर बोलत असेल तर शंका पक्की. फाइल व्हायरसटोटलवर, बऱ्याच अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासून देणाऱ्या साइटवर, टाकून बघायची, एकाच इंजिनाने पकडली तर कदाचित गैरसमज, चाळीस जण एकसुरात म्हणत असतील तर गैरसमज नाही.

केपे

आम्ही बाहेर जाणाऱ्यावर नजर ठेवणारा फायरवॉल काढून टाकला. दर पाच मिनिटांनी विचारत होता, आई वैतागून सगळ्यालाच हो म्हणायला लागली. तसं हो म्हणण्यापेक्षा नसलेला बरा असं माझं स्पष्ट मत आहे, विंडोजचा आहे तो पुरे.

पणजी

केप्याच्या ताई, पटलं. सगळ्याला हो म्हटलं तर विचारण्याला अर्थच उरत नाही. फक्त विंडोजचा चालू आहे ना तेवढं बघून घ्या, वेगळा फायरवॉल असताना विंडोजचा बाजूला झालेला असतो, तो काढल्यावर परत चालू झालाय की नाही ते सिक्युरिटीच्या पानावर दिसतं.

वास्को

नेटवर्कचंच काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो.

मशीनचे नेटवरचे पत्ते वाचायला शिका, अर्धी भीती तिथेच जाते. १२७.०.०.१ दिसलं तर गेम स्वतःच्याच मशीनशी बोलतोय. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे घरातलंच दुसरं मशीन. माइनक्राफ्ट लॅनवर वर्ल्ड उघडलं की २२४.०.२.६० ह्या पत्त्यावर ओरडून सांगतो की मी इकडे आहे, तो पत्ता कुणा परक्याचा नाही, घरातल्या सगळ्यांनी ऐकायचा आहे. आणि ॲमेझॉनच्या नावाचा पत्ता दिसला म्हणून कोणी तुमच्या खरेदीवर डोळा ठेवून नाही, बऱ्याच गेमचे सर्व्हर त्यांच्या भाड्याच्या मशीनवर असतात.

पण भीती निराधारही नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरशेल नावाचं सुरक्षेतलं भोक निघालं तेव्हा माइनक्राफ्ट जावामध्ये चॅटला एक विशिष्ट ओळ टाइप केली की समोरचं मशीन किंवा सर्व्हर बाहेरून भलता कोड आणून चालवू शकत होता. अस्सल, विकत घेतलेला, रीतसर परवानगी दिलेला गेम. दुरुस्ती १.१८.१ मध्ये आली. अजून जुन्या मोडेड, म्हणजे दुसऱ्यांचे बदल (मोड) टाकलेल्या, आवृत्तीवर सर्व्हर चालवणारी पोरं मला भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो अपडेट करा. आणि २०२३ च्या जूनमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर आलं, ते तर कर्सफोर्ज आणि बकिट ह्या मोडच्या साइटवरच्या मोडमधूनच, ब्राउझरमधली लॉगिनं चोरणारं. तिथे फायरवॉलला फक्त जावाच दिसणार, म्हणून परवानगी कुणाला दिली एवढंच नाही, आत कुठले मोड टाकले तेही बघावं लागतं.

साखळीचे दादा, तुमचा फायरवॉल निर्दोष आहे. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनचा, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुमचा ऑपरेटर बऱ्याच घरांना मिळून एकच खरा पत्ता वापरतोय, गावोगावच्या छोट्या ऑपरेटरकडे हे सर्रास असतं. मग तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. एकतर ऑपरेटरकडून पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा खरा पत्ता, घ्या, नाहीतर दोन्हीकडची मुलं बाहेरच्या एका सर्व्हरवर भेटू देत.

पेडणे

गेमच्या अँटी-चीटबद्दल, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणाऱ्या प्रोग्रामबद्दल, पण लिहा कोणीतरी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड मशीन चालू झाल्या क्षणी कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, चालू होतं, गेम खेळा न खेळा. माझ्या भावाला त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं. आम्ही त्याच्यासाठी वेगळं मशीन ठेवलंय, त्यावर बँकेचं काही उघडायचं नाही हे घरात ठरलंय.

साखळी

वास्कोचे भाऊ, बघितलं, पत्ता १०० ने सुरू होणाराच निघाला. ऑपरेटरला फोन केला, पब्लिक आयपीचे दर महिन्याला वेगळे पैसे सांगतो आणि तो घेतला तर आमचं मशीन सगळ्या जगाला उघडं ठेवायचं, तेही सातवीतल्या मुलीच्या लॅपटॉपवर. म्हणून रिअल्म्स घेतलं, मोजांगचाच भाड्याचा सर्व्हर. राउटरमधला २५५६५ चा नियम काढून टाकला. काल संध्याकाळी कुडाळची दोन्ही मुलं आली, आणि कुठल्याच मशीनवर विंडोजची खिडकी उघडली नाही, सगळ्यांचं कनेक्शन बाहेर जाणारं होतं ना.