मेंदूत बसवलेली इलेक्ट्रोड किती वर्षं चालतात?

रिवाइंडिंगवाला:
मेहुण्यांना एएलएस आहे, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार. हात गेले, बोलणं जड झालंय. भाचा रोज नवा व्हिडिओ दाखवतो: मेंदूत चिप, नुसतं मनात आणलं की माउस हलतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. ओल शिरली की चांगल्या तारेचंही इन्सुलेशन जातं. मेंदू तर ओलाच. मग हे टिकतं किती?

सिग्नलवाली:
दादा, नेमकं दुखणं ओळखलंत. मी मेंदूतल्या इलेक्ट्रोडचे सिग्नल उलगडणारे प्रोग्रॅम लिहिते. सकाळी पहिलं काम काय, तर आज कुठले चॅनेल, म्हणजे एकेका इलेक्ट्रोडच्या सिग्नलच्या वाटा, बोलतायत ते बघायचं. कालचा ठणठणीत आज मुका!
मेंदूत बसवतात तो यूटा ॲरे म्हणजे ४ मिमी बाजूच्या चौरस तुकड्यावर इलेक्ट्रोडच्या साधारण १०० सुया. शरीर त्यांना परकं समजतं, भोवती व्रण धरतो, चेतापेशींचा आवाज क्षीण होतो. इन्सुलेशनही झिजतं, तुमची शंका रास्तच. पण माकडांमधल्या ७८ ॲरेंचा आढावा २०१३ साली आला, त्यात सर्वाधिक बिघाड यांत्रिक निघाले, तेही बहुतेक कनेक्टरचे. हसू नका.
तरी चॅनेल मुके झाले म्हणजे सगळं संपलं असं नाही. एकेक पेशी ओळखू आली नाही तरी ठरावीक पातळीच्या वर जाणारे विजेचे ठोके मोजून काम निघतं. अमेरिकेतल्या एका पक्षाघातग्रस्त बाईंनी ॲरे बसवून पाच वर्षं उलटल्यावर यांत्रिक हाताने कॉफीची बाटली तोंडाला लावली. न्यूरालिंक या मेंदूतली चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पहिल्या रुग्णाचे इलेक्ट्रोडचे बरेच धागे २०२४ मध्ये मागे सरकले, तेव्हाही प्रोग्रॅम बदलून कर्सर पुन्हा चालवला.

फिजिओ_सांगली:
संसर्गाचंही सांगा ना. ओहायोतल्या तरुणाला २०१४ मध्ये बसवलेला ॲरे २०२१ मध्ये त्यामुळेच काढावा लागला.

सिग्नलवाली:
खरंय. डोक्यातून कनेक्टर बाहेर असला की ती भीती राहतेच.
दादा, तुमच्यासाठी जवळचं उदाहरण नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचं. तिथल्या एएलएसच्या बाईंना २०१५ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडच्या पट्ट्या बसवल्या, उपकरण पूर्ण शरीराच्या आत. सात वर्षं घरी वापरलं. मग भरवसा कमी होत गेला. स्कॅनमध्ये दिसलं की मेंदूच आकसत चालला होता.

रिवाइंडिंगवाला:
म्हणजे स्टार्टर शाबूत, मोटारच बसत चालली. आत्ता काय करू?

सिग्नलवाली:
ही अजून चाचणीतली गोष्ट आहे. तुम्ही नजरेने चालणारा संगणक बघा. आणि आवाज आहे तोवर रेकॉर्ड करा.

रिवाइंडिंगवाला:
ताईला हाक मारतात ती अजून स्पष्ट येते. रविवारी तिथूनच सुरुवात करतो.