डार्क मॅटर शोधायला इतकी वेगवेगळी यंत्रं कशाला?

खतावणी:
बँकेतून निवृत्त झालोय, आता यूट्यूबवर विश्व बघत बसतो. डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य, शोधायला कुणी खाणीत झेनॉन भरतंय, कुणी स्फटिक मांडतंय, जिनिव्हाला प्रोटॉन आदळतायत, वर फर्मी दुर्बीण गॅमा किरण मोजतेय. सगळा पैसा एकाच मोठ्या यंत्रात का घालत नाहीत?

गॅमावाली:
काका, मी १८ वर्षं हॉस्पिटलात गॅमा कॅमेरा चालवला. त्यात सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो, इटलीतल्या डामा प्रयोगातही तोच. भारी नाजूक प्रकरण. एका पावसाळ्यात आमचं सील गेलं, ओल शिरली, स्फटिक कडेने पिवळा पडला. सकाळच्या चाचणीत डाग दिसायचा आणि आम्ही दोन दिवस प्रकाश टिपणाऱ्या ट्यूबांना शिव्या घालत होतो. शेवटी तोच कोबाल्टचा स्रोत शेजारच्या कॅमेऱ्यावर ठेवला, तर चित्र लख्ख!

डामाला ग्रॅन सासो डोंगराखाली नव्वदच्या दशकापासून दर जूनच्या सुरुवातीला स्फटिकातल्या प्रकाशाच्या ठिणग्या किंचित वाढलेल्या दिसत आल्या, डिसेंबरात कमी. कारणही पटण्यासारखं: सूर्य आकाशगंगेत सेकंदाला सुमारे २२० किमी धावतो, जूनमध्ये पृथ्वीच्या चालीची त्यात भर पडते, म्हणून समोरून येणारा डार्क मॅटरचा वारा वाढतो. पण त्याच डोंगराखालच्या झेनॉनच्या टाकीला काही दिसेना. द्रव्य वेगळं, म्हणून वाद मिटेना. मग स्पेनमध्ये अनाइस, कोरियात कोसाइन, दोन्हीकडे सोडियम आयोडाइडच. २०२५ मध्ये दोघांनी आकडे एकत्र मांडले. तो चढउतार त्यांना दिसला नाही.

उलटतपासणी:
उन्हाळ्यात वरची हवा विरळ होते, जमिनीखाली म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारे कण, जास्त पोचतात. जूनचं कारण तेवढंच नसेल कशावरून?

गॅमावाली:
म्हणूनच ऑस्ट्रेलियात स्टॉवेलच्या सोन्याच्या खाणीत सेबर प्रयोग. तिथे जूनमध्ये थंडी, पण डार्क मॅटरचा वारा जूनमध्येच वाढणार.

खतावणी:
आणि जिनिव्हा?

गॅमावाली:
तिथे ऊर्जेचा हिशोब लागला नाही तर न दिसणारा कण निसटला म्हणायचं. पण तो यंत्राबाहेर पडेपर्यंत टिकला, एवढंच कळतं. अब्जावधी वर्षं टिकतो का, ते आकाशातच बघावं लागतं. फर्मीला आकाशगंगेच्या मध्यातून जादा गॅमा दिसतात खरे, पण ते पल्सारांचेही असू शकतात. कणाचं वस्तुमान तिन्हीकडे एकच निघालं, तर मी पेढे वाटेन.

खतावणी:
म्हणजे टॅली! अकरा रुपयांच्या फरकापायी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बसलोय. पल्सार काय असतो ते उद्या विचारतो.